हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की शारजात एसी जरा दम खातात
आणि आमच्या बिल्डिंगचा नातूर
रात्रपाळी उरकून तिसऱ्या मजल्यावर येतो.
चपला दाराबाहेर, टाचेला टाच लावून.
"ताई, मी जिवंत आहे
एवढं सरकारला कळवायचंय."

हवालदार निवृत्ती शेडगे, तालुका माण.
नाव निवृत्ती, ती काही मिळाली नाही.
चोवीस वर्षं पलटणीत,
नऊ इथं, अबू शगारात, लिफ्टशेजारी,
पाठ मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत.

मशीनवर अंगठा उमटेना.
पॅन्टला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नाही.
रेषा झिजल्यात. कशानं,
ते मी विचारलं नाही.

मग फोनचा कॅमेरा.
चेहरा गोलात आला. फोन म्हणाला, पापणी लववा.
मामा बघतच राहिले,
समोर बर्फ असल्यासारखे,
बर्फात काही हलल्यासारखे.
"मामा, डोळे मिटा की."
"तेवढंच करायचं नाही, असं शिकवलेलं."
फोननं तीनदा नाकारलं.
चौथ्यांदा आत कुकरची शिट्टी झाली
आणि पापणी लवली.
हिरवी खूण. एक वर्षापुरता माणूस जिवंत.

वाटलं, आता चहा घेऊन जातील.
त्यांनी पिशवीतून दुसरी फाईल काढली.
साहेबराव जगदाळे. त्याच पलटणीतले, आता नाहीत.
त्यांच्या बायकोचं नाव
पलटणीच्या कागदात हिराबाई, आधारवर हिराताई.
एका अक्षरासाठी चौदा महिने पेन्शन अडलेली.
"तोवर मी धाडतोय थोडे," म्हणाले,
आणि खिडकीबाहेर बघू लागले,
जणू चोरी पकडली गेली.

आम्ही काय केलं होतं या नऊ वर्षांत?
एका सव्वीस जानेवारीला मंडळानं शाल दिली, नारळ दिला.
शारजात, शाल.
त्या दिवसाचा पगार कापला गेला त्यांचा,
हे आम्हाला यंदा कळलं.

तर यंदा शाल नाही.
दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गीसनी
टायपिंग सेंटरात अर्ज टाइप करून दिला,
पैशांचं विचारलं तर कानावरून पेन काढून
पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.
नवरा डिसेंबरात सुट्टीवर जाईल तेव्हा
साताऱ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात दोन दिवस बसेल
(सासुरवाडी तेवढीच टळेल, हेही आहेच).
पाचव्या मजल्यानं खुर्ची आणली, पाठीची.
मामा त्या खुर्चीत अजून टोकावरच बसतात.

संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगचा नातूर येतो,
गुल नवाज, चकवालचा. त्यानंही वर्दी उतरवलेली,
पलीकडची.
एका फ्लास्कातला चहा दोघं पितात.
गुडघ्यांबद्दल बोलतात, मुलींच्या फियांबद्दल.
कोणत्या साली कुठं होतास,
हे एकमेकांना विचारत नाहीत.
परवा माझ्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड होते.
दुसऱ्या सरकारचा दुसरा फॉर्म,
मला उर्दू येत नाही,
मामांनी मोडक्या हिंदीत समजावलं.

काल हिराताईंना फोन लावला,
नाव नक्की कसं लिहायचं ते विचारायला.
मागं कुठंतरी शेळी ओरडत होती.
"पर तुमी कोण?"
"शेजारी."
"कुणाच्या?"

मी खाली पाहिलं.
केबिनमध्ये दिवा लागला होता.
उत्तर यायला जरा वेळ लागला,
नऊ वर्षं म्हणा ना.
"शेडगेमामांच्या," म्हटलं.